डावी की उजवी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "जिन्यावर उभ्या राहून मुलीबद्दल जे बोलता, तेच तिथे येऊन बोला." म्हणून उभी राहिले आहे. शाळा सुरू झाल्यापासून आमच्या घरात एकाच गोष्टीचा खल चालला आहे आणि घोडपदेवातल्या निम्म्या बायकांनी त्यात आपापले मत दिले आहे. तेव्हा सगळी हकीकत एकदा नीट सांगते.

माझी धाकटी आठवीत आहे. शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघात खेळते. पुष्कळजणींना हा खेळ म्हणजे क्रिकेटच वाटतो. मलाही आधी तसेच वाटे. हा खेळ १८८७ साली अमेरिकेत शिकागो शहरात एका बंद दालनात सुरू झाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला होता आणि बॅट म्हणून केरसुणीचा दांडा. हे ऐकल्यावर मला खेळ एकदम घरचा वाटू लागला. आता मात्र चांगला १२ इंच घेराचा चेंडू असतो, क्रिकेटच्या चेंडूहून मोठा. हात खालून फिरवून टाकतात. खालून टाकतात म्हणून हळू येत असेल असे समजू नका. मोठ्या बायकांच्या सामन्यात टाकणारी अवघ्या ४३ फुटांवर असते. पापणी लवते न लवते तोच चेंडू अंगाशी येतो. तो मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळायचे. बेस ६० फुटांवर. चेंडू आपल्याआधी तिथे पोचला की आपण बाद.

आता मुद्द्याची गोष्ट. हा पहिला बेस मैदानाच्या उजव्या अंगाला असतो. डावऱ्या हाताने खेळणारी मुलगी प्लेटच्या त्याच अंगाला उभी राहते, म्हणून ती बेसला एक-दोन पावले जवळ असते. शिवाय बॅट फिरवल्यावर तिचे अंग आपोआप तिकडेच वळते. उजव्या हाताने खेळणारीला आधी वळावे लागते, मग पळायचे. आमची पोरगी पळते वाऱ्यासारखी, पण दर सामन्यात अर्ध्या पावलाने बाद. म्हणून जूनमध्ये तिच्या सरांनी मला बोलावून सांगितले, "हिला डावऱ्या हाताने खेळवून पाहू या."

मी म्हटले, "सर, मुलगी उजव्या हाताची आहे."

सर म्हणाले, "नक्की?"

त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप नाही. कारण भगिनींनो, ती उजव्या हाताची नव्हती. मी तिला उजव्या हाताची केली. दोन-अडीच वर्षांची असताना ती घास डाव्या हाताने उचलायची. सासूबाईंना ते खपत नसे. शेजारीपाजारी हसत. मग मी जेवताना तिच्या डाव्या हाताला फडके बांधू लागले. ती रडायची, मी भरवायची. पंधरा दिवसांत वळण लागले. पुढे पेन्सिलही उजव्याच हातात दिली. मी हे मोठ्या अभिमानाने सांगत असे, तुमच्यातल्या कित्येकजणींनी ऐकलेही असेल. एकच जागा राहून गेली, ती कॅरमची. गॅलरीत बोर्ड मांडला की स्ट्रायकर ती अजून डाव्या हाताने मारते. तिथे ना देव होता, ना ताट. म्हणून कुणी टोकले नाही. सरांनी तेच शाळेत पाहिले होते.

मग बॅट उजवी कशी झाली? आमच्या बोळात एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला खोल्यांच्या खिडक्या. डावऱ्या हाताने जोरात मारले की चेंडू सरळ काचांवर. पोरांनी नियमच केला होता की डावऱ्याने खेळायचे नाही. म्हणजे घरात मी आणि बोळात खिडक्या.

मते तर किती आली! एक बाई म्हणाल्या, "एकदा वळवलेला हात पुन्हा वळवू नका, पोर गोंधळेल." दुसऱ्या म्हणाल्या, "उद्या हळदीकुंकूही डाव्या हाताने घेईल." आमच्या ह्यांची काळजी निराळी. स्पर्धा तोंडावर, संघातली जागा गेली तर? पुढे दहावीला खेळाच्या सवलतीचे गुण मिळतात, तेही हातचे जायचे. ही काळजी काही खोटी नव्हती. सासरे गोदीत कामाला होते. ते असते तर म्हणाले असते की ओझे वाहणाऱ्याने दोन्ही खांदे तयार ठेवावेत. ते बाकी मला पुढे आठवले आणि उपयोगीही पडले.

माझा भाचा क्रिकेटवेडा. त्याने मला नावे सांगितली. आपल्या सांगलीची स्मृती मानधना मूळची उजव्या हाताची. पण वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांची हौस, म्हणून ती डावखुरी खेळू लागली. २०१३ साली तिने महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघात ती होतीच. त्या रात्री आपल्या चाळीत कुणी झोपले नव्हते. जपानचा इचिरो सुझुकी, बेसबॉलवाला, त्यालाही वडिलांनीच डावीकडे वळवले. चेंडू मात्र तो उजव्याने फेकी. आणि आपला सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, खेळला उजव्या. म्हणजे हाताचा आणि बॅटचा काही पक्का करार नाही, एवढे मला कळले. त्याहून अधिक काही कळले नाही. ज्यांची बाजू बदलून भले झाले त्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. ज्यांचे बिनसले त्यांची नावे भाच्याला कोण सांगणार?

तेव्हा मी माझ्या पद्धतीने पाहायचे ठरवले. ह्यांच्या जुन्या मोज्यात रबरी चेंडू घातला आणि गॅलरीच्या वाशाला टांगला. रोज संध्याकाळी पन्नास टोले उजवे, पन्नास डावे. मी तांदूळ निवडत बसायची आणि बघायची. उजवे टोले जोरदार बसत. डाव्यातले पहिल्या दिवशी तीसएक हवेतच गेले. पण आठवड्याने माझ्या एक लक्षात आले. उजवीकडे उभी असली की ती ओठ आवळून असे. डावीकडे चुकली तरी तिचे अंग सैल असे, पाय अडखळत नसत.

मग मी पुन्हा सरांकडे गेले आणि माझ्या शंका विचारल्या. बाजू बदलली की चेंडू दुसऱ्या कानाकडून येणार, त्याचे काय? त्यांनी हेल्मेट दाखवले. दोन्ही कान झाकलेले होते. नाही जमले तर परत फिरता येईल का? येईल. नियमाने कुठल्याही बाजूने खेळता येते. फक्त टाकणारी टाकायच्या तयारीत उभी राहिली की मग बाजू बदलायची नाही, बदलली तर बाद. तेव्हा ठरले ते असे: गणपतीपर्यंत डावा हात फक्त सरावात. आधी दांडीवर ठेवलेला चेंडू मारायचा, मग जवळून हळू टाकलेला, मग खरा. सामन्यात मात्र उजवाच. सासऱ्यांचे दोन खांदे ते हेच.

एवढे सगळे ठरल्यावर मला सुचले की ज्या पोरीचा हात, तिला अजून कुणी विचारलेच नाही. अडीच वर्षांची असताना विचारले नव्हते, ते समजू शकते. आता ती तेरा वर्षांची आहे. मी विचारले. ती म्हणाली, "डावीकडून खेळेन. पण सर म्हणतात नुसता चेंडू टेकवायचा आणि पळायचं. ते मला नको. मला लांब मारायचंय." दुसऱ्या दिवशी तिने हेच सरांना स्वतः सांगितले. सर थोडे नाराज झाले, पण कबूल झाले. दोन्ही शिकायचे.

जाता जाता ती मला म्हणाली, "आई, तू माझा हात बांधायचीस ना? आजी सांगते."

मी हो म्हटले.

"मला आठवत नाही," म्हणाली आणि बॅट घेऊन खाली गेली.

गणपती होऊन गेले. मागच्या मैत्रीच्या सामन्यात ती पहिल्यांदा डावीकडून खेळली. चार पाळ्या आल्या. दोनदा बॅट हवेत फिरली. तिसऱ्यांदा मारलेला झेलला गेला. चौथ्यांदा चेंडू जेमतेम तिसऱ्या बेसच्या अंगाला घरंगळला आणि ती पोचली, अर्धे पाऊल आधी. लांब टोला अजून बसलेला नाही, त्यामुळे स्वारी घुश्शात आहे. ह्यांचे म्हणणे, उजवेच बरे होते. मी अजून कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

शनिवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानात सराव असतो. ज्यांनी ज्यांनी मत दिले आहे त्यांनी एकदा येऊन बघावे. बसायला पायऱ्या आहेत, पण सावली नाही. छत्री घेऊन यावे.