हातातील विद्या आणि तळहाताएवढा संगणक



प्रतिवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि तो योग्यच आहे. परंतु आपली ज्ञाती मूळची कारागिरांची. घण आणि रंधा यांवर आपल्या वाडवडिलांचे संसार चालले. आज मात्र परीक्षेत नव्वद टक्के गुण मिळविणारा मुलगा विजेची साधी जोडणी स्वतःच्या हाताने करावयास कचरतो. बुद्धी आणि हात यांची ही फारकत मिटविणाऱ्या एका लहानशा साधनाची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

ही अडचण केवळ आपलीच नाही. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना पूर्वीच्या मुलांइतकी प्रोग्रॅम रचण्याची सवय उरली नाही, असे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. घरोघरी संगणक होते. पण ते वापरण्यापुरते, खटपट करून पाहण्यासाठी नव्हते. म्हणून त्यांनी ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक सिद्ध केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. आज त्याचे लहानमोठे अनेक नमुने मिळतात.

हा संगणक म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांबीचा एकच बोर्ड. त्यास स्वतःचा पडदा नाही, की कळफलक नाही. घरचा टीव्ही पडदा म्हणून जोडावा. नखाएवढ्या कार्डावर सर्व मजकूर साठतो. त्याच्या एका कडेस ४० पिना असतात, आणि खरे महत्त्व त्यांचेच आहे. आपल्या खिशातील मोबाईल कितीही महाग असो, त्यास दिवा, घंटी किंवा उष्णतामापक जोडण्यास अशी उघडी जागा नसते. येथे ती आहे.

पहिला पाठ अगदी सोपा. एक लहान एलईडी, ३३० ओहमचा एक रेझिस्टर आणि दोन वायरी जोडाव्यात. पायथन भाषेत पाचसहा ओळी लिहाव्यात. दिवा लुकलुकू लागतो. दिवा लागला नाही, तर चूक वायरीत आहे की लिहिण्यात, हे मुलानेच शोधावे. वर्गातील फळ्यावर हे शिक्षण देता येत नाही, हे शिक्षक या नात्याने आम्ही खात्रीने सांगतो.

पुढचा पाठ आपल्याच शिवारात आहे. तासगाव भागातील बेदाणा शेडमध्ये द्राक्षे वाळणे हवेतील उष्णता व आर्द्रता यांवर अवलंबून असते. या दोन्ही गोष्टी मोजणारा लहान सेन्सर पिनेस जोडला, तर हा संगणक दर दहा मिनिटांनी नोंद लिहून ठेवील. जमिनीतील ओल मोजणारा साधा सेन्सर मात्र थेट जोडून भागत नाही. त्याचा कमीजास्त दाब आकड्यांत बदलणारी एक चिप मध्ये घालावी लागते. असे अडले म्हणजेच मुले पुस्तक उघडतात.

पथ्येही सांगितली पाहिजेत. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट दिल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. पाण्याची मोटर पिनेस कधीही जोडू नये, आणि घरातील २३० व्होल्टच्या विजेस जाणत्या वायरमनवाचून हात लावू नये. काम संपताच संगणक रीतसर बंद करावा. अचानक वीज गेल्यास कार्डावरील मजकूर बिघडण्याचा संभव असतो.

कोणी म्हणतील, हे खेळणे पोट भरील काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे बेळगावी सायकलींचे दुकान चालविता चालविता ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून आरंभी शेतकरी तो नांगर घेईनात. तरी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच नांगराचा प्रचार करीत हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्याच्या भूमीत श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. प्रत्येक मुलगा किर्लोस्कर होईल, असे आमचे म्हणणे नाही. पण हाताने काम करण्याची लाज ज्यास वाटते, तो कारखानदार होत नाही आणि चांगला इंजिनियरही होत नाही.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. सत्काराच्या भेटवस्तूंवरील खर्चातून काही रक्कम बाजूस काढावी. सातारा व सांगली येथे एकेक टेबल, दोनदोन बोर्ड, सोल्डरिंग आयर्न आणि सुट्या भागांची एक पेटी ठेवावी. रविवारी दोन तास ती मुलामुलींस सारखीच खुली असावी. ज्ञातीतील वायरमन व इंजिनियर यांनी आळीपाळीने तेथे बसावे. एखादा बोर्ड जळाल्यास मुलास बोल लावू नये. तो खर्च शिक्षणाचाच समजावा.

पुढील वर्षी या व्यासपीठावर गुणपत्रिकेबरोबर मुलाने स्वतः केलेली एखादी वस्तूही मांडली जावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.