वहीतली चूक राहू द्या



आजचा विषय घराघरांतला आहे. दिवेलागणीला तव्यावर भाकरी पडत असते, तिकडे ओसरीवर दप्तर उघडते आणि पुढचा तासभर घरात ताण असतो. मूल दुसरीत, तिसरीत किंवा चौथीत असते. आई-वडील शिकलेले असतील तर ‘एवढेही येत नाही?’ हा प्रश्न ऐकू येतो. शिकलेले नसतील तर ‘आम्हाला त्यातले काय कळते, जा शिकवणीला’ असे उत्तर मिळते. समजूत मात्र दोन्ही घरांची एकच असते, की गृहपाठाला मदत करणे म्हणजे शिकवणे. मला आज जे मांडायचे आहे ते या समजुतीविरुद्ध आहे. प्राथमिक वर्गातल्या मुलाला पालकाने शिकवण्याची गरज नसते. पालकाने वेळ ठरवावी, जवळ बसावे, ऐकावे, विचारावे आणि वहीतली चूक जशीच्या तशी शाळेत जाऊ द्यावी. हे काम अक्षरओळख नसलेली आई करू शकते. शिकलेल्या बापाला मात्र ते बहुधा जड जाते.

आधी गृहपाठ असावा तरी किती, ते पाहू. 1993 साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने मुलांच्या पाठीवरच्या आणि डोक्यावरच्या ओझ्याचा विचार केला. प्राथमिक वर्गांना नेहमीच्या अर्थाचा गृहपाठ देऊ नये, घरात आणि परिसरात काही शोधायला सांगावे, असे तिचे म्हणणे होते. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने तर आकडेच दिले. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, म्हणजे शाळेचे सहा दिवस धरले तर रोजची वीस मिनिटे. पहिली-दुसरीच्या मुलांनी काल संध्याकाळी काय खेळलो, काय खाल्ले, हे वर्गात सांगावे, असेही त्यात सुचवले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये गृहपाठावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, खालच्या वर्गांत तो फारच क्षीण आहे, असे त्यांना आढळले. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला रात्री दहापर्यंत वहीला जुंपून फारसे काही हाती लागत नाही. त्या वीस मिनिटांची किंमत वेगळी आहे. आपले काम रोज ठरल्या वेळी, आपल्या आपण पुरे करण्याची सवय तिथे लागते. ही सवय लागली, तर पुढे आठवी-नववीत गृहपाठ खरोखर कामाला येतो.

आता वहीतल्या चुकीकडे जवळून पाहू. तिसरीच्या वहीत उदाहरण आहे, 52 वजा 27. मुलाने उत्तर लिहिले 35. त्याने सातातून दोन वजा केले, पाचातून दोन वजा केले. लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढेच त्याला ठाऊक आहे. दशक सुटा करून दहा एकक घ्यायचे असतात, हे त्याच्या डोक्यात अजून उतरलेले नाही. शिकलेले वडील काय करतात? खोडरबर घेतात, 35 खोडतात, 25 लिहायला लावतात आणि टीव्ही लावतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी वही उघडतात, उत्तर बरोबर दिसते, लाल शेऱ्याची खूण होते, वही मिटते. मुलाला वजाबाकी येत नाही हे ज्या एका माणसाला कळायला हवे होते, त्याच्यापासूनच ते लपले. प्राथमिक वर्गातला गृहपाठ हे मुलाने शिक्षकाला लिहिलेले पत्र असते: मला इथपर्यंत समजले, इथून पुढे नाही. ते पत्र आपण वाटेत फोडून दुरुस्त करून पाठवले, तर गुरुजींनी उत्तर तरी कशाला द्यायचे? मग पालकाने हातावर हात ठेवून बसायचे काय? नाही. ‘हे 35 आणि ते 27 मिळवून बघ बरे, 52 होतात का?’ असे विचारावे. तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून समोर ठेवाव्यात. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सत्तावीस द्यायच्या, तर जुडी सोडावीच लागते. मुलाचा हात ती आपोआप सोडतो. तरीही उमगले नाही, तर 35 राहू द्यावे.

शिकलेल्या पालकांना हे पटणे अवघड असते, म्हणून आणखी एक पुरावा देतो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, ते गृहपाठाला वारंवार मदत करू लागले की मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्ती वाढली. त्याच धास्तीचे पालक कमी मदत करत, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. भीती पाढ्यांबरोबर मुलात उतरते ती अशी. शिवाय आपली रीत आणि शाळेची रीत यांत अंतर पडलेले असते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस या रूढ नावांसोबत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर गदारोळ झाला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे म्हणणे साधे होते: जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलाला संख्या समजायला सोपी जावी. त्या बदलाविषयी मतभेद असू शकतात. पण घरात ‘हे कसले गणित!’ असे म्हटले की शाळेत शिकवलेल्या रीतीवरचा मुलाचा विश्वास उडतो आणि घरची रीतही धड येत नाही. तेव्हा ‘बाईंनी कसे सांगितले ते मला शिकव’ असे मुलालाच म्हणावे. शिकवता शिकवता त्याचे त्यालाच कळते की आपण कुठे अडतो.

यावर पहिला आक्षेप आपल्या जिल्ह्याच्या परिस्थितीतूनच येतो. 2011 च्या जनगणनेत हिंगोलीची साक्षरता सुमारे 78 टक्के होती आणि स्त्रियांची पुरुषांपेक्षा बरीच कमी. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिने काय मदत करायची? बिहार आणि राजस्थानमधील खेड्यांत रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी केलेला एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही गावांत आयांना साक्षरतेचे वर्ग मिळाले, तर काही गावांत मुलासोबत घरी करायच्या साध्या कृती मिळाल्या. मुलांच्या गणितात प्रगती थोडीच झाली, पण ती मोजता येण्याजोगी होती, आणि आया मुलांच्या शिकण्यात अधिक लक्ष घालू लागल्या. परिणाम लहान होता, तो फुगवून सांगायला नको. पण आईला अक्षर येत नाही म्हणजे तिचा उपयोगच नाही, हा समज त्याने खोटा ठरतो. आपल्या राज्यातही ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात 2022 पासून गावोगावी माता गट तयार झाले, ते याच विश्वासावर. घरी त्याचे रूप अगदी सोपे आहे. भाकरी थापता थापता आईने म्हणावे, ‘मोठ्याने वाच.’ मूल अडखळले तर थांबावे. परिच्छेद संपला की विचारावे, ‘मग पुढे काय झाले? तू असतास तर काय केले असतेस?’ धडा समजला असेल तर मूल सांगेल. नुसती अक्षरे ओढली असतील तर गप्प राहील. आईला लिपी येत नसली तरी हा फरक तिच्या कानाला कळतो.

गणिताची तर आपल्या घरांत खाणच आहे. वसमतच्या शिवारातून हळद निघते, शिजते, वाळते, पॉलिशच्या ड्रममधून फिरते आणि बाजारात जाते. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण एक क्विंटल होते, हा अपूर्णांकाचा धडा खळ्यावर पसरलेला असतो. बाजारातून आलेली हिशेबाची पट्टी चौथीच्या मुलापुढे ठेवावी. समजा पन्नास किलोची सहा पोती गेली. क्विंटल किती झाले? भाव 12 हजार धरला तर रक्कम किती? त्यातून हमाली आणि तोलाई वजा होऊन हातात किती आले? पुस्तकातली गुणाकार-वजाबाकी आणि पट्टीतली गुणाकार-वजाबाकी एकच आहे, हे एकदा कळले की मूल वहीकडे शिक्षा म्हणून पाहत नाही. आणि बापाला एक गोष्ट कळते, की आपल्याला भागाकार मांडता येत नसला तरी पट्टीत कुठे घोळ होतो ते नीट माहीत आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, कुणाच्या घरी दखनी चालते, आणि आता गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरतात. घराची भाषा एक, वहीची दुसरी. मराठवाड्याला ही अडचण नवी नाही. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूत होते आणि मराठी घरातल्या मुलाला घरातून काही आधार मिळत नसे. तो दुरावा आपण पुन्हा हौसेने ओढवून घेऊ नये. माध्यम कोणतेही असो, मुलाने धडा घरच्या भाषेत सांगावा आणि घराने तो ऐकावा. ज्याला गोरमाटीत किंवा मराठीत पावसाचे चक्र समजावता येते, त्याला ते कळलेले असते. इंग्रजी शब्द नंतर चिकटतात. समजलेच नसेल, तर पाठ केलेली इंग्रजी ओळ परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गळून पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, तो वेळेचा. कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या फडात राहणाऱ्या आई-बापांना संध्याकाळचा गृहपाठ सांगणे ही थट्टा ठरेल. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ती वेळेवर सुरू व्हावीत, नीट चालावीत, यासाठी गावाने आवाज उठवला पाहिजे. मूल आजी-आजोबांजवळ राहिले असेल तर त्यांनी वाचायला सांगून ऐकावे, एवढेही पुष्कळ आहे. काही जण म्हणतील, हे सारे शाळेचे काम घरावर ढकलणे झाले. ही शंका रास्त आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी 27.1 टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ती उणीव घरच्या वीस मिनिटांनी भरणार नाही, ती शाळेनेच भरायची आहे. पण शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या स्त्रियांना दिल्या आहेत. न खोडलेली वही हातात घेऊन तिथे बसलेल्या आईला विचारता येते, ‘हा हातचा माझ्या मुलाला का आला नाही?’ आपणच खोडून दुरुस्त केलेल्या वहीवर हा प्रश्न विचारता येत नाही. आणि नवोदय, शिष्यवृत्तीच्या स्पर्धेची ज्यांना काळजी आहे त्यांना एवढेच सांगतो: त्या परीक्षेच्या खोलीत बाप शेजारी बसत नाही. तिथे मुलाजवळ असते ते स्वतः अडण्याचे आणि स्वतः सुटण्याचे बळ, आणि ते तिसरी-चौथीत वहीपाशी एकट्याने झगडूनच येते.

तेव्हा आज इथून घरी गेल्यावर एकच करून पाहा. अर्धा तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. मुलाला वही काढू द्या, आपण शेजारी शेंगा सोलत बसा. ते अडले तर उत्तर सांगू नका, ‘कुठे अडले?’ एवढे विचारा. शेवटी जे चुकले असेल ते चुकलेलेच दप्तरात जाऊ द्या आणि उद्या शाळेतून आल्यावर विचारा, ‘बाईंनी काय सांगितले?’