अंगोरा सशांचा आमचा प्रयोग
(संघाच्या वार्षिक संमेलनात अमरावती येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘शेतीस जोडधंदा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म दर्यापूर तालुक्यात मुलांकडून पाढे पाठ करून घेण्यात गेला. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. यशाच्या कथा सांगणारे वक्ते पुष्कळ मिळतात. आम्ही मात्र फसलेल्या उद्योगाची हकीगत सांगणार आहोत, आणि तिच्या अखेरीस आम्हांस एक ऋण मान्य करावयाचे आहे.

सेवानिवृत्तीनंतर हाताशी थोडा पैसा होता, घरामागे मोकळी जागा होती आणि वेळ तर जाता जात नव्हता. अशा समयी, 2021 च्या डिसेंबरात, एक विक्रेता छापील पत्रक घेऊन दारी आला. अंगोरा ससे पाळा, दर तीन महिन्यांनी लोकर कातरा, लोकर व पिले आम्हीच विकत घेऊ, असे त्याचे म्हणणे. आम्ही दोन नर, पाच माद्या आणि तारेचे पिंजरे मिळून अडतीस हजार रुपये मोजले. पावती घेतली, परंतु लोकर कोणत्या भावाने व कोठे घेणार, हे लिहून घेण्याचे सुचले नाही. जन्मभर मुलांना ‘उदाहरण नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या मास्तरांची ही अवस्था!

प्राणी मात्र मोठा देखणा. कापसाच्या पेळूला कान व डोळे फुटावेत असे त्याचे रूप. अंकारा या तुर्की शहराचे जुने नाव अंगोरा; त्यावरून हे नाव पडले. आपल्या शेतात तुरीच्या ओळींतून पळतो तो ससा निराळा. त्याची पिले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात; शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास धरण्याची मनाई आहे. पाळीव सशाची पिले उघडी, आंधळी व अगदी असहाय जन्मतात. हा भेद आम्हांस पुस्तकाने शिकविला नाही. चार जीव गमावून आम्ही तो शिकलो.

मादीस नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नरास मादीकडे नेऊ नये, एवढे आम्हांस ठाऊक होते. गर्भकाळ सुमारे एकतीस दिवसांचा असतो, हेही ठाऊक होते. परंतु दिवस भरण्यापूर्वी चारपाच दिवस तिच्याजवळ लाकडी पेटी व मऊ गवत ठेवावे लागते, हे ठाऊक नव्हते. फेब्रुवारीच्या एका गार पहाटे उघड्या तारेवर सहा पिले विखुरलेली आढळली. त्यांतील चार गारठून गेली होती. पुढच्या मादीस आम्ही पेटी दिली, तेव्हा तिने स्वतःच्या छातीची लोकर उपटून पिलांसाठी गादी केली. ते पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “तिला सारे येत होते, आपणच तिला जागा दिली नव्हती.”

खरी परीक्षा पुढेच होती. सशास घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यत्वे कानांवाटे बाहेर टाकतो. त्यात या जातीच्या अंगावर दाट लोकरीची रजई! म्हणूनच आपल्या देशात तिचे संगोपन हिमाचलासारख्या थंड प्रदेशात होते. कुलू जिल्ह्यातील गडसा येथे केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. आणि आपले वऱ्हाड? अकोला-अमरावतीस वैशाखात पारा 45 अंशांवर जातो. त्या 2022 साली तर मार्च महिनाच देशभर 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. आम्ही लोकर कातरली, ओली गोणपाटे बांधली, कूलर लावला. एप्रिलातील एका दुपारी वीज गेली. ती संध्याकाळी आली, तोवर तीन ससे आडवे झाले होते.

उरलेले वाचले ते आमच्या वडिलांच्या धाब्याच्या खोलीमुळे. खारपाणपट्ट्यातील त्या जाड मातीच्या छताखाली भर उन्हाळ्यातही गारवा असतो. पडकी म्हणून ती खोली आम्ही पाडावयास निघालो होतो! विहिरीचे पाणी खारट, म्हणून पिण्याचे पाणी माठातून द्यावे लागे. पावसाळ्यात दमट हवेने लोकरीच्या गुठळ्या होऊ लागल्या, त्या रोज विंचराव्या लागत.

पहिल्या कातरणीची सहाशे ग्रॅम लोकर डब्यात भरून आम्ही विक्रेत्यास फोन केला. प्रथम ‘पुढच्या महिन्यात’ असे उत्तर मिळाले. जूननंतर फोन उचलणेच बंद झाले. कापसाच्या या मुलखात लोकरीस गिऱ्हाईक कोठून मिळणार? तो डबा अद्याप फडताळात आहे.

आता ऋणाविषयी. जानेवारी 2022 मध्ये, एकही पिलू जन्मास आले नसता, आम्ही एका लग्नमंडपात या धंद्याची मुक्तकंठाने स्तुती केली. गुरुजी म्हणतात म्हणजे खरेच असणार, अशा विश्वासाने आपल्यापैकी दोघांनी त्याच विक्रेत्याकडून ससे घेतले. त्यांचेही पैसे बुडाले. एकाची रक्कम आम्ही निवृत्तिवेतनातून हप्त्याहप्त्याने देत आहोत. दुसऱ्याने ती घेण्यास नकार दिला. त्याचे ऋण तर अधिकच जड आहे. लग्नमंडपात चारचौघांत केलेल्या चुकीची क्षमाही चारचौघांतच मागावी, म्हणून आज आम्ही येथे उभे राहिलो. दोघेही सभेत आहेत. त्यांनी आम्हांस क्षमा करावी.

तरुणांस एवढेच सांगणे आहे. 2012 च्या सुमारास इमूची हवा होती, 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांची. उद्या आणखी कशाची येईल. त्यात प्राण्याचा दोष नाही. पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा जीव आमच्या वैशाखात जगेल काय? त्याचा चारा व पाणी आमच्या बांधावर आहे काय? आणि विकणाऱ्यावाचून दुसरा कोणी घेणारा आहे काय? आपल्या मुलखातील बेरारी शेळी या तिन्ही प्रश्नांस उत्तर देते. ती डौलदार पत्रकात छापली जात नाही, इतकेच.

आमच्याकडे आता एक म्हातारी मादी उरली आहे. ती धाब्याच्या खोलीत राहते, हरभऱ्याचा पाला खाते आणि नातवंडांची लाडकी आहे. ती विकावयाची नाही.