सुटला का गेला?



निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत गावाकडची मंडळी बसलेली असतात. वकील पायऱ्या उतरून आला की एकच प्रश्न येतो, "सुटला का गेला?" अमरावती असो, अकोला असो, नाहीतर दर्यापूर-मूर्तिजापूरचं तालुका कोर्ट, प्रश्न हाच. आता सुटणं आणि जाणं या दोहोंच्या मध्ये कायद्यानं बरंच काही ठेवलेलं आहे. ते ठाऊक नसतं म्हणून आपली माणसं नेमक्या वेळी गप्प उभी राहतात.

सगळ्यात लहान कैद घ्या. जुगाराची किंवा तसलीच किरकोळ केस असते. आरोपी गुन्हा कबूल करतो. न्यायाधीश दंडाचा आकडा सांगतात आणि पुढे म्हणतात, "कोर्ट उठेपर्यंत कैद." पट्टेवाला मागच्या बाकाकडे बोट दाखवतो. माणूस दंड भरून पावती शर्टाच्या खिशात ठेवतो आणि त्या बाकावर बसतो. समोर दुसऱ्यांच्या पेश्या चाललेल्या, कोणाची तारीख पडते, कोणाचा साक्षीदार येतच नाही. संध्याकाळी साहेब खुर्चीतून उठले की याची कैद संपली. घरी जाऊन तो हसत सांगतो, पण कागदावर ती शिक्षाच असते आणि पुढच्या केसमध्ये सरकारी वकील ती बरोबर काढतात.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. नव्या संहितेच्या चौथ्या कलमात शिक्षा सांगितल्या आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सश्रम किंवा साधी कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि सामुदायिक सेवा. फाशीबद्दल एवढंच सांगतो की, सत्र न्यायालयानं ती दिली तरी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. आपल्याकडच्या अशा केसेस नागपूर खंडपीठाकडे जातात.

जन्मठेपेवर मात्र थांबावं लागेल. "वकीलसाहेब, जन्मठेप म्हंजे चौदाच वर्सं नं?" हे मला शिकलेली माणसंही विचारतात. नाही. १९६१ साली जन्मठेप भोगणाऱ्या गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. कैद्याला सूट द्यायची की नाही, हे सरकार ठरवतं. चौदाचा आकडा येतो तो भलतीकडून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली तर सूट द्यायची म्हटली तरी चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय कैद्याला सोडता येत नाही. म्हणजे चौदा हा खालचा उंबरठा आहे. आपण त्यालाच छत समजून बसलो.

एकाच खटल्यात दोन-तीन कलमांखाली शिक्षा झाली, तर त्या एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, या एका शब्दानं वर्षांचा फरक पडतो. लोकमान्य टिळकांचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २२ जुलै १९०८ ला न्यायमूर्ती दावर यांनी राजद्रोहाच्या दोन आरोपांवर तीन-तीन वर्षं काळं पाणी दिलं, एकापाठोपाठ, म्हणून ती सहा झाली. वर हजार रुपये दंड. हेच दावर १८९७ मध्ये वकील असताना टिळकांना जामीन मिळवून द्यायला उभे राहिले होते! पुढे काळ्या पाण्याची साधी कैद झाली आणि टिळक मंडालेला गेले. त्यांच्या अपिलासाठी इंग्लंड गाठणारे दादासाहेब खापर्डे आपल्या अमरावतीचेच वकील. काळं पाणी ही शिक्षा स्वातंत्र्यानंतर, १९५५ च्या दुरुस्तीनं, कायद्यातून गेली.

दंडाची गोष्ट वेगळी. निकालात "दंड न भरल्यास इतकी कैद" असं वाक्य असतं. दंड भरला तर ही जादा कैद टळते, आणि भोगायला सुरुवात केल्यावर भरला तरी उरलेली तिथेच थांबते. थोडी रक्कम भरली तर त्या हिशेबानं दिवस कमी होतात. कितीतरी घरांना हे सांगणारं कोणी नसतं. दोन-तीन हजारांसाठी माणूस आत बसून राहतो आणि बाहेर भाऊ म्हणतो, आता काय, शिक्षा तर लागली.

आता सामुदायिक सेवेकडे येतो. दंड संहितेत ही शिक्षा नव्हती. बिनपगारी, समाजाच्या उपयोगाचं काम न्यायालय दोषी माणसाकडून करून घेईल. मोजक्याच गुन्ह्यांना ती ठेवली आहे, उदाहरणार्थ दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी, आणि किरकोळ चोरी. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेचीच.

किरकोळ चोरीबद्दलचं हे वाचलं तेव्हा मला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातलं वऱ्हाड आठवलं. समुद्र नाही, मग मीठ कुठून आणायचं? अकोला जिल्ह्यात दहिहांड्याच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढलं गेलं, आणि पावसाळा लागल्यावर जंगल सत्याग्रह सुरू झाला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदकडच्या राखीव जंगलात गवत कापलं. त्या गवतापायी त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. त्याच महिन्यात यवतमाळच्या बाजूला सत्याग्रह करणारे डॉ. हेडगेवार सहा आणि तीन मिळून नऊ महिन्यांची शिक्षा घेऊन अकोल्याच्या तुरुंगात आले. पेंढीभर गवताची बाजारात किंमत ती काय! अर्थात आजही राखीव जंगलात विळा चालवला तर वन कायदा वेगळा लागतोच, त्यामुळे हे ऐकून कोणी निघू नये.

सामुदायिक सेवेबद्दल माझी एक तक्रार आहे. किती तास, कोणतं काम, हजेरी कोण घेणार, हे संहितेत लिहिलेलं नाही. सगळं न्यायाधीशांच्या तारतम्यावर सोडलं आहे. सरकारी दवाखान्याच्या आवारात झाडू मारायला लावलं आणि हजेरीपुस्तक कोणाकडेच नसलं, तर तीही कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेसारखी हसण्यावारी जाईल.

शिक्षा न देताही न्यायालय दोषी माणसाला सोडू शकतं. १९५८ चा परिवीक्षा कायदा त्यासाठीच आहे. समज देऊन सोडणं किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं, दोन्ही त्यात आहे, आणि एकवीस वर्षांखालच्या मुलाला कैदेत पाठवायचं तर बहुतेक गुन्ह्यांत न्यायाधीशांना कारण लिहावं लागतं. माझ्या मते हा आपल्याकडचा सगळ्यात कमी मागितला जाणारा कायदा आहे. मागणाऱ्यालाच तो ठाऊक नसतो. जे लांब मुदतीसाठी आत गेले, त्यांच्यासाठीही एकच साचा नाही. आपल्या मोर्शीचंच खुलं कारागृह पाहा. तुरुंगात चांगलं वागलेले, निवडलेले कैदी तिथे शेतीत राबतात.

हे सगळं ठरतं कधी? दोष सिद्ध झाल्यावर न्यायाधीश आरोपीला विचारतात, "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे?" शंभरातले बहुतेक हात जोडून म्हणतात, "माफ करा, साहेब." संपलं. त्या वेळी सांगायचं असतं ते वय, पहिलाच गुन्हा, घरी कोण अवलंबून आहे, नुकसान भरून दिलं का, आणि कच्च्या कैदेत किती दिवस गेले. हे दिवस मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात. त्यांचा हिशेब आधी लिहून काढा आणि वकिलाच्या हातात द्या. वकील परवडत नसेल तर अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली माणसं आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं यांना तिथून मोफत वकील मिळतो. साधा अर्ज पुरतो, फक्त तो निकालाच्या तारखेआधी करा.