सोयरीक, जनुके आणि बुद्धी

मामाची मुलगी करणे आपल्या बेळगाव-निपाणीकडे नवे नाही. आते-मामे भावंडांत सरासरी १/८ जनुके सारखी असतात. एकाच आजोबांकडून सदोष जनुक दोघांनाही आले असेल, तर दोघे धडधाकट असूनही प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता ४ पैकी १. फिनाइलकीटोन्युरिया हा असाच आजार. प्रथिनांतला एक घटक शरीरात साठतो आणि मेंदूची वाढ खुंटते. मात्र जन्मानंतर लगेच टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून तो ओळखून पथ्य सांभाळले, तर मूल चारचौघांसारखे शिकते. जनुक तेच, पण आयुष्य वेगळे! म्हणून पत्रिकेआधी घराण्यातले आजार विचारा. आणि दोष एकट्या सुनेच्या माथी मारू नका. तो दोन्हीकडून येतो. गणपती बाप्पा मोरया!