पावाची कड कोणाला आवडते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभी राहिले खरी, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची सवय मुळीच नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्या दिवशी जो वाद झाला त्यावरच बोला, म्हणजे अडायचे नाही." तेव्हा मी ब्रेडच्या कडांवर बोलणार आहे. विषय लहान आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या.

ज्या त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सँडविच करायचे ठरले. नाक्यावरून ब्रेड आणला, हिरवी चटणी वाटली, काकडी-बटाटा चिरला. पाहुण्यांपुढे कडेसकट सँडविच ठेवणे बरे दिसत नाही असे एकीचे म्हणणे पडले, म्हणून आम्ही चौघीजणी कडा कापायला बसलो. तासाभरात परात भरली. आता याचे करायचे काय? एक म्हणाली, गुरांना घाला. दुसरीच्या घरी गाई आहेत, ती म्हणाली, "एवढा पाव एकदम घातला तर जनावराचे पोट बिघडते, आम्ही एकदा भोगले आहे." तिसरी म्हणाली, वाळवून चुरा करा, कटलेटला होईल. तेवढ्यात कोणीतरी विचारले, "पण या कडा मुळात कोणाला आवडतात तरी का?"

मी लगेच हात वर केला. "मला आवडतात. आमच्या घरी मीच खाते."

माझी मुलगी तिथेच काकडी चिरत होती. ती म्हणाली, "आई, तू खातेस हे खरं. पण ताजा ब्रेड समोर असताना आधी कड उचललीस, असं मी तरी कधी पाहिलं नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पाड्यावरून येणाऱ्या आपल्या एक भगिनी आहेत, त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आमच्याकडे नागलीची भाकर असते ती अख्खी असते. कड आवडते का, असं आम्हाला कोणी विचारलं नाही." त्या काही टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या, पण माझ्या हातातली सुरी जरा थांबली.

घरी आल्यावर मी विचार करू लागले. कडक किंवा भाजलेले आपल्याला आवडत नाही असे थोडेच आहे? भाताच्या तळाची तांबूस खरवड निघाली की पोरे भांडतात. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा आधी जातो. भाकरीची कड मात्र ताटात राहते, आणि तिथे दोष खाणाऱ्याचा नसतो, करणारीचा असतो. थापताना मध्ये पातळ आणि कडेला जाड राहिली की कड कच्ची राहते. माझी आई ताटात राहिलेल्या कडा बघून ओळखायची की आज भाकरी कोणी थापली. पावाचे अगदी उलट आहे. त्याची कड सगळ्यांत जास्त भाजलेली असते.

मुलगी विज्ञान शिकते. तिने मला समजावून दिले ते माझ्या भाषेत सांगते. भट्टीत बाहेरचे पाणी आधी उडून जाते, आणि मग पिठातली साखर व प्रथिने तापून तांबूस होतात. तो खमंग वास त्याचाच. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या तांबूसपणाचा अभ्यास मांडला. आतला गर ओला राहतो, म्हणून तो पांढरा आणि मऊ. पाव भट्टीतून निघतो तेव्हा कड कुरकुरीत असते. पण आपला कापलेला ब्रेड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन येतो. आतला ओलावा कडेत उतरतो आणि ती चामड्यासारखी होते. म्हणजे पोरे जी टाकतात ती खरी कड नव्हेच, ती कड शिळी झाल्यावर जे उरते ते.

कड खाल्ली की अंगात ताकद येते असे आपण पोरांना सांगतो, त्याचेही मी विचारले. २००२ साली जर्मनीत पावाच्या कडेत एक उपयोगी द्रव्य सापडले, ते आतल्या गरापेक्षा कितीतरी जास्त होते. पण ते प्रयोगशाळेत पाहिले, माणसांना कडा खाऊ घालून नव्हे. आणि त्याच २००२ साली स्वीडनमधून बातमी आली की पिठाचे किंवा बटाट्याचे पदार्थ फार करपवले तर अ‍ॅक्रिलामाइड नावाचे नको असलेले द्रव्य तयार होते. म्हणजे तांबूस चालेल, काळे नको. हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या सासूबाईंचे बालपण मुंबईत, गिरणगावात गेले. त्यांचे वडील गिरणीत होते. इराणी मंडळी आपल्याला परकी नाहीत, डहाणू-घोलवडला त्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत. मुंबईत त्यांची चहाची दुकाने आणि बेकऱ्या. सासूबाईंचे वडील रात्रपाळी करून येताना तिथून ब्रून, म्हणजे कडक पाव, आणीत. लादीपावाचे गोळे पत्र्यात एकमेकांना चिकटून फुगतात, म्हणून त्याला बाजूंनी कड धरतच नाही, वर आणि खाली काय ती. ब्रून सुटा सुटा भाजतात, त्याला चहूबाजूंनी कड. पाव हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला, आणि ते इथून जवळ दमणला १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत होतेच.

सासूबाईंचे दात दहा वर्षांपूर्वी गेले. कवळी त्यांना बसत नाही. तेव्हापासून मी ब्रेडच्या कडा काढून आतला मऊ भाग दुधात घालून त्यांना देत आले. कडा मी खाते. पुढे पुढे पोरांच्याही कडा माझ्याच बशीत येऊ लागल्या. "आईला आवडतात" असे घरात ठरूनच गेले. मी कधी नाही म्हटले नाही, उलट विचारले की होच म्हणायची. वाया जाऊ नये एवढाच हेतू. पण दहा वर्षे हो हो म्हणत राहिले की माणसाला स्वतःलाही तेच खरे वाटू लागते.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी परातीतल्या थोड्या कडा मी घरी आणल्या होत्या. तव्यावर मंद आचेवर परतून कडक केल्या. सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, वास अगदी इराण्याचा येतोय." मी त्यांना नेहमीप्रमाणे दूध-ब्रेड दिला. त्या म्हणाल्या, "हे लगदा-लगदा खाऊन मी कंटाळले गं. ती कड दे, चहात बुडवून चोखीन."

मी म्हटले, "आई, मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "तू एवढी कडा काढून देत होतीस, आणि तुला त्या आवडतात म्हणत होतीस. तुझ्या तोंडचं कसं मागू?"

भगिनींनो, मला काय बोलावे सुचेना. मी काळजी म्हणून जे काढून घेत होते तेच त्यांना हवे होते, आणि मला जे नको होते ते मी आवडीचे म्हणून खात होते. दोघींनी एकमेकींची मने राखली आणि दोघींची तोंडे बेचव राहिली. माझ्या मनात आले, आपल्या घरांत असे आणखी काय काय ठरून गेले असेल? माशाचे शेपूट कोणाचे, पहिली भाकरी कोणाची, खाली लागलेली भाजी कोणाची. मंडळात आपण कर्ज-बचतीचा हिशेब मांडतो, हा हिशेब मी तरी कधी मांडला नव्हता.

सासूबाईंनी त्या दिवशी चहात बुडवून चार कडा खाल्ल्या. हिरड्यांनी दाबून, डोळे मिटून. मध्येच म्हणाल्या, "मीठ हवं थोडं. ब्रूनला मस्का असायचा."

त्यानंतर परवा मी गरानेच भरलेली बशी पुढ्यात घेऊन बसले. साखर पेरून. धाकटा म्हणाला, "आई, तुझ्या कडा?" मी म्हटले, "आजीला विचार."

आता ब्रेड आणला की त्याचे एक टोक सासूबाईंचे. दुसऱ्या टोकावर मुलीने हक्क सांगितला आहे, तव्यावर तूप सोडून भाजले तर. बाजूच्या कडांचा निकाल अजून लागलेला नाही. परवा त्या उपम्यात घातल्या, आणि आमच्या घरचे दोनदा मागून घेऊन जेवले.