मुले वयात येताना पालकांचे कर्तव्य
(रत्नागिरी येथे पालकांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय निघाला की घरातील वडील मंडळी माना खाली घालतात. परंतु ज्या गोष्टीविषयी आईबाप गप्प बसतात, ती मुले अन्य कोणाकडून तरी शिकतातच. आणि तो शिकविणारा कोण असावा, हे मग आपल्या हाती राहत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले व १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. त्या खटल्याचा उरलेला निकाल आपल्या घरांत लागावयाचा आहे.

मुलीला प्रथम पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणून तिला कोपऱ्यात बसवितात, पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नाहीत. ‘पाण्याला शिवू नकोस’ हे शब्द आपल्या वाडवडिलांनी कोणाच्या तोंडून ऐकले होते? ज्या विटाळाविरुद्ध १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तोच विटाळ आपण आपल्या लेकीच्या माथी मारावा काय?

पाळी हा गर्भाशयाच्या अस्तराचा स्राव आहे. त्यात अपवित्र काही नाही. बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी ती सुरू होते, म्हणून आईने नवव्या-दहाव्या वर्षीच मुलीला समजावून सांगावे. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. कापड वापरीत असल्यास साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. कोकणच्या पावसाळ्यात ते लपवून, दमट ठेवून वापरणे हे रोगाला आमंत्रण होय. पंधरावे वर्ष उलटूनही पाळी आली नाही, तर देवऋषाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

मुलग्यांनाही आपण एकटे टाकतो. आवाज फुटतो, मिसरूड येते, झोपेत वीर्यस्खलन होते. आणि ‘शक्ती गेली’ ह्या भयाने मुलगा भोंदू वैद्याच्या जाहिरातीला बळी पडतो. हे नैसर्गिक आहे, त्याने अशक्तपणा येत नाही, एवढे दोन शब्द बापाने बोलावे.

आता कायद्याचे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिले आहे. असा अपराध कळल्यावर पोलिसांना खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ ह्या क्रमांकावरही मदत मागता येते. परंतु ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावे उच्चारण्याचीच लाज शिकविली, ते आपल्यावरील अन्याय कोणत्या शब्दांनी सांगणार? कायदा तक्रारीची वाट पाहतो. आणि तक्रार करण्याचे धैर्य घरातच जन्मते.

म्हणून मुलाने प्रश्न विचारला तर रागावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा, आणि खरोखरच विचारून सांगा. मुलगी पाळीत असली तरी हंड्यातील पाणी तिने स्वतःच्या हाताने घ्यावे, आणि तिने दिलेले पाणी आपण सर्वांनी प्यावे. एवढे ह्याच महिन्यात आपल्या घरी करा.

जयभीम.